जावयाच्या मापाची होडी

बाबा,

गेल्या रविवारपासून मला खुर्चीत धड बसता येत नाही, आणि या गंभीर प्रश्नाची दखल ना सरकारने घेतली, ना घरातल्या कोणी. दोन्ही कुल्ल्यांच्या कडांना जांभळे डाग पडलेत. डावा डाग उजव्यापेक्षा मोठा आहे, म्हणजे अन्यायातही समानता नाही. हे पत्र मी स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून, पालथ्या परातीवर कागद ठेवून लिहिते आहे. चौकशी आयोग बसलाच (बसणाऱ्यांना बसता येतं, हे त्यांचं नशीब), तर मी त्याच्यापुढे एकाच माणसाचं नाव घेईन, आणि त्याला समन्स पोचायचं नाही, कारण तो कधीच गेलाय. तुम्ही.

डाग होडीचे आहेत. मी होडी घेतली, बाबा. खालापूरच्या अलीकडे एका शेडमध्ये फायबरच्या टाक्या करणारा एक जण हौसेने समुद्रातल्या अरुंद, एकट्याने चालवायच्या होड्या करतो, कयाक म्हणतात ना, त्या. त्याने चार-पाच होड्या फरशीवर ओळीने मांडल्या आणि मी एकेकीत शिरून बसले. तो आपला दर वेळी तेच. "ताई, ही बघा, ऐसपैस हाय. डुलकी काढता येल." मी म्हटलं, डुलकी काढायला माझ्याकडे ऑफिस आहे. शेवटी सगळ्यात लांब आणि सगळ्यात चिंचोळी होडी निवडली. तीत बसलं की कंबर दोन्हीकडून चेपते, गुडघे वरच्या पत्र्याखाली घट्ट अडकतात, आणि आपण जरा कलंडलो की तीही कलंडते, जसं काही आपलंच अंग पाण्यापर्यंत वाढलंय. तो म्हणाला, "लई टाइट हाय हो." म्हटलं, हीच बांधा. त्याला काय माहीत, हे वाक्य वीस वर्षं माझ्या घशात अडकून होतं.

तुम्ही कारखान्याच्या स्टोअरला होतात. मोहोपाड्याच्या त्या अख्ख्या वसाहतीला गमबूट, खाकी पँट, रबरी हातमोजे तुमच्या खिडकीतून मिळायचे, आणि तुमच्या खिडकीतून कोणालाही कधी आपल्या मापाचं काही मिळालं नाही. एक नंबर मोठं. "वाढत्या अंगाला बरं." पन्नाशीतला बॉयलरवाला, त्याचं अंग आता फक्त खाली वाकायचं राहिलेलं, तोही फटक फटक आवाज करत चालायचा. घरी तेच. माझ्या शाळेच्या परकराला आई कमरेशी इतक्या घड्या घालायची की मी कायम पोटुशी दिसायचे. चपलेच्या टाचेत कापूस. फ्रॉकच्या बाह्या कोपराखाली. मी कधी एखाद्या कपड्यात मावले असं झालंच नाही. मावायच्या आत तो विरायचा, आणि मग तुम्ही पुढचा आणायचात, परत मोठा.

आणि मग ती मड्डम आली. कारखान्याचा नवा विभाग उभारायला आलेल्या परदेशी इंजिनिअरची बायको. दोघांनी येताना दोन होड्या आणल्या होत्या, त्याची मोठी, हिची बारकी. नवरा दिवसभर कारखान्यात. ती एकटी पाताळगंगेत दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं मारत फिरायची, आणि काठावर धुणं धुणाऱ्या बायका धुणं सोडून बघत राहायच्या. मी पण बघत राहिले. एक दिवस तिने हात केला. मी कॉलेजात होते, पोहायला येत होतं, लाज कमी होती. दोन पावसाळे सोडून उरलेल्या दिवसांत तिने मला सगळं शिकवलं, मोडक्या हिंदीत. "बोट में बैठना नहीं. बोट पहनना." होडी अंगावर घालायची असते, बाबा. हे मला एका परक्या बाईने सांगितलं, आणि मी पहिल्यांदा एका अशा वस्तूत शिरले जी माझ्या मापाची होती. तुम्हाला नाही कळायचं ते काय असतं.

त्यांचं जायचं ठरलं तेव्हा बंगल्याच्या व्हरांड्यात सामान विकायला मांडलं होतं. फ्रिज, वेताच्या खुर्च्या, काट्याचमच्यांचे डबे, आणि भिंतीशी टेकून दोन होड्या. त्याच सुमारास किनाऱ्यावर मुलींची शर्यत होणार होती. पुढे येणाऱ्या मुलींना शिबिर, आणि शिबिरातून नोकरी. स्वतःची नोकरी, स्वतःची खोली, बघायला येणाऱ्या स्थळांपासून दूर. मी रात्री जेवताना ते तुम्हाला सांगितलं होतं, आणि तुम्ही चक्क हो म्हणालात, हे मी नाकारत नाही. बचतीतले पैसे काढलेत, आपल्या शेजारचा टेंपोवाला बोलावलात, आणि मला घेऊन बंगल्यावर गेलात. मी त्या दिवशी इतकी खूश होते की तुमच्या सायकलला पण नमस्कार केला असता.

तुम्ही दोन्ही होड्यांवर बोटांनी टकटक केलीत, मडकं घेताना करतात तसं. मग विचारलंत, "किंमत दोघींची एकच?" मड्डम म्हणाली, एकच. तुमच्या चेहऱ्यावर जो उजेड पडला तो मी अजून विसरलेले नाही.

"मग मोठी घेऊ."

"बाबा, ती त्यांच्या नवऱ्याची आहे. केवढा माणूस आहे तो, बघितलाय ना? मी आत खुळखुळेन."

"वाढत्या अंगाला..."

"एकोणीस वर्षांची आहे मी. आता कुठे वाढणार?"

"लग्नानंतर वाढतात बाया. आणि जावई काय काठावर उभा राहून बघेल? त्याला पण बसता यायला हवं."

टेंपोवाला लगेच, "घ्या काका, मोठीच घ्या. नाय चालवली तर भात भरता येल." तुम्ही दोघं हसलात. मड्डमला काही कळलं नाही. ती माझ्याकडे बघून पुन्हापुन्हा बारकीवर हात ठेवत राहिली, आणि तुम्ही मोठीला सुंभ बांधत होता.

कोण जावई, बाबा? तेव्हा कुठे होता तो? माझा पाय, माझी कंबर, माझा दम तुमच्या समोर उभा होता, जिवंत, मापायला तयार. त्याच्यापेक्षा तुम्हाला न ठरलेल्या, न पाहिलेल्या पुरुषाचं ढुंगण जास्त खरं वाटलं. (आईने वाचलं तर रागावेल. पण दुसरा शब्द त्या जागी मावत नाही.)

आईने जुन्या गोधडीचे तुकडे करून होडीत दोन्ही बाजूंना कोंबले. शर्यतीच्या दिवशी समुद्रात शिरल्यावर पहिल्याच लाटेला ते भिजून लगदा झाले. मी आत इकडून तिकडे घसरत होते, मोठ्या डब्यात एकच लाडू ठेवावा तशी. आणि त्या होडीला हवं होतं एका दांडग्या माणसाचं वजन. माझ्या वजनाने ती पाण्यात नीट बसेचना, वर तरंगून राहिली आणि वारा तिला टोकाला धरून फिरवू लागला. एकाच बाजूने वल्हं मारून मारून माझा खांदा गेला. बाकीच्या मुली खडकाला वळसा घालून परत निघाल्या, तेव्हा मी अजून खडकाकडे तोंड कसं करायचं हेच बघत होते. मी काठाला लागले तेव्हा मांडव उतरवत होते. तुम्ही गुडघाभर पाण्यात, पँट दुमडून उभे. म्हणालात, "आलीस ना? झालं तर मग."

झालं तर मग! वर्ष सरायच्या आत माझं लग्न लावून दिलंत. जावई आला तो किडकिडीत, माझ्यापेक्षा हलका. तुमच्या होडीत त्यालाही धरून ठेवायला दुसरा जावई लागला असता. होडी मागच्या पडवीत गेली आणि आई तीत वालाचं बियाणं राखेत घोळवून साठवू लागली. आणि बारकी? आम्ही दोघं नवे नवे माथेरानला गेलो, तर हॉटेलच्या जेवणाच्या खोलीत ती छताला टांगलेली. मालकाने शोभेला घेतली होती, नेरळहून माणसांच्या डोक्यावरून वर आणवली होती. जिथे मोटारसुद्धा चालत नाही, त्या डोंगरावर. नवऱ्याने विचारलं, "हे काय आहे गं?" मी म्हटलं, माझं सासर, नांदायचं राहिलेलं. त्याला वाटलं विनोद केला. तेव्हापासून मी विनोदावरच पोट भरते. वर्तमानपत्रात दर आठवड्याला कोणाची तरी खोड काढते, आणि लोक म्हणतात, बाईंची जीभ फार धारदार. कुठल्या सहाणेवर घासली ते तुम्हाला सांगायचं राहिलं होतं.

परवा आईला नवी होडी घेतल्याचं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आधी तुझ्या बापाचा नवस फेड. मग जा कुठे जायचं तिथं."

"कसला नवस?"

"शर्यतीच्या आदल्या दिवशी बोलला होता गावदेवीला. पोरगी बुडू नये. नारळांचं तोरण."

"फेडलं का नाही मग?"

"तू शर्यतीवरून घरी आलीस ती त्याच्याशी बोलायचीच थांबलीस ना. मी दर जत्रेला म्हणायची, अवो फेडा. तर म्हणायचा, बुडाली नाय ती, पण परत आली कुठं अजून?"

बाबा, मी तिथून उठले आणि अंगणात जाऊन उगाच तुळशीला दोनदा पाणी घातलं. आणि मला राग आला. पहिल्यापेक्षा जास्त. हे वाक्य तुम्हाला माझ्यासमोर का नाही बोलता आलं? आणि देवीपाशी गेलाच होता, तर पोरगी जिंकू दे म्हणायला काय झालं होतं? देवी काय तुमच्या स्टोअरमधून माल काढून देत होती, की कमीच मागावं?

काल सकाळी नारळ घेऊन देवळात गेले. कोणाला सांगितलं नाही. गुरव म्हातारा झालाय. तोरण बांधता बांधता म्हणाला, "कशाचा नवस गं बाय?"

"पोरगी बुडू नये म्हणून."

"मग? नाय ना बुडाली?"

"नाय."

"कवाची गोष्ट?"

"लई जुनी."

"असूं दे. देवीला काय घाई नाय." त्याने एक नारळ फोडला, अर्धी वाटी माझ्या हातावर ठेवली. "तुला काय मागायचंय ते माग आता."

येत्या महिन्यात मी ती चिंचोळी होडी समुद्रात नेणार आहे. मोठ्या पल्ल्याची शर्यत आहे, आणि माझ्या वयाची दुसरी बाई तीत नाही. देवळाच्या वाटेत सगळं ठरवून आले होते, काय मागायचं ते, अगदी शब्दांसकट. हात जोडले, डोळे मिटले, आणि तोंडातून आलं ते एवढंच, बुडू नये.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीये. तुमच्यावरचा राग आहे तसाच आहे. फक्त जिंकायचं मागायला मी पुन्हा देवळात गेले नाही, तेवढं तुम्हाला कळावं.