झबलं-टोपडं बॅगेत नाही

प्रणालीचे बाबा,

सकाळी जावयाचा फोन आला. डॉक्टरनं प्रणालीले पडूनच राहाले सांगतलं, म्हणून त्यायनं माहं कॅनडाचं तिकीट उद्याचंच करून टाकलं. मी माधवीकडे राजापेठेत वजनकाटा आणाले चालली. बॅग उघडू नका, मोठ्या मुश्किलीनं लागली. जड साड्या काढल्या, स्वेटर गुंडाळून कोंबले, डबे घरीच ठेवून लाडू पिशवीत बांधले. तरी भारी लागून राहिली.

तुमी हौसेनं आणलेलं झबलं-टोपडं मात्र म्या भरलं नाही. रागावू नका. मागच्या खेपेले आपण पाठवलेली दुपटी पोरीनं घडी न मोडता परत आणली होती. यंदा बाळ हाती येऊ द्या, मंग तिकडंच घेईन.

तिचा फोन आला तं रडू नका. आई निघाली, एवढंच सांगजा.