कॅसेटच्या भोकावरची चिकटपट्टी

२४ ऑगस्ट, रविवार
अवसरी खुर्दला शिकवायला लागून आठवडा झाला आणि आज महाळुंगे पडवळला झकास खोलीही मिळाली! माडीवर मी, खाली घरमालकीण साळुबाई, एकट्याच. आल्या आल्या पिठलं-भाकरी, वर दम, "सर, लाजू नका, आपलंच घर हाय." संध्याकाळी लॅपटॉप उघडला. माझं खूळ म्हणजे चाळीस वर्षांपूर्वीचा घरगुती कॉम्प्युटर लॅपटॉपमध्ये हुबेहूब चालवणारा एम्युलेटर बनवणं. तो कॉम्प्युटर आपले प्रोग्रॅम साध्या कॅसेटवर साठवायचा. ऐकलं तर नुसती किरकिर!

३१ ऑगस्ट, रविवार
माझा एम्युलेटर खऱ्या कॅसेटवर प्रोग्रॅम भरतो का, ते बघायचं होतं. मंचरला कोरी कॅसेट मागितली तर दुकानदार हसलाच. साळुबाई शेतावर होत्या. त्यांनी टेपरेकॉर्डर वापरायला दिलेलाच होता, आत एक बिननावाची कॅसेट होती. तिच्या कडेचा चिमुकला प्लास्टिकचा तुकडा मोडलेला. तिच्यावर पुन्हा काही भरलं जाऊ नये म्हणून कुणीतरी मुद्दाम मोडलेला. हे मला ठाऊक होतं. भजनं असतील, असं म्हणून त्या भोकावर चिकटपट्टी लावली आणि प्रोग्रॅम भरला. पहिल्याच फटक्यात जमलं. एकट्यानेच टाळ्या वाजवल्या.

२ सप्टेंबर
साळुबाईंचे यजमान हौशीराम मंचरच्या बाजारात बटाट्याचा लिलाव पुकारायचे. आवाज लई खडा, त्या सांगत होत्या. ते गेले, टेपमधली त्यांच्या आवाजाची ती एक कॅसेट उरली. पितरपाखात त्यांच्या तिथीला ताट वाढून त्या ती लावतात. "वर्सातनं एकदाच ऐकते, झिजंल म्हून." मी चहा संपवला. सांगितलं नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

७ सप्टेंबर
त्या कॅसेटवरून प्रोग्रॅम एम्युलेटरमध्ये घेतला. किरकिरीखाली हौशीरामांचा आवाज थोडा तरी उरलाय का, बघायला. पडद्यावर इंग्रजी अक्षरांत मराठी उमटलं: माझा आवाज कुठंय. असं काही मी लिहिलेलंच नाही. कॅसेट टेपमध्ये परत ठेवली आणि टेप खाली देऊन आलो.

१० सप्टेंबर
घसा बसलाय. वर्गात दुसऱ्या बाकापर्यंतही ऐकू जाईना. साळुबाईंनी हळदीचं दूध दिलं. त्यांच्याकडे बघवत नाही. उद्या नक्की सांगतो. पडद्यावर एकच शब्द: दे.

१३ सप्टेंबर
डॉक्टर म्हणाले, घसा स्वच्छ आहे. साळुबाईंना सांगायला तोंड उघडलं तर – किरकिर. कॅसेटवरची. मग सगळं चिठ्ठीत लिहून दिलं. त्या म्हणाल्या, "मला कुठं वाचाया येतंय, सर?" शेजारी वाचून दाखवतील, अशी खूण करता आली असती. चिठ्ठी खिशात घातली. सुटल्यासारखं वाटलं – लाज वाटते लिहायला.

१६ सप्टेंबर. तिथी
खाली ताट वाढलंय. टेपचं बटण – आता किरकिर येणार –
नाही. लिलाव पुकारतोय. माझ्या आवाजात.
साळुबाई म्हणतायत, "ह्यो आवाज त्यांचा न्हाई." टेप थांबेना. माझा आवाज सांगतोय – चिकटपट्टी – ठाऊक असून लावली – चिठ्ठी खिशात – सगळं –
त्या रडतायत. "मंग त्यांचा कुठं गेला?"
आवाज म्हणतोय – वर.
लॅपटॉप बंद होत नाही. त्या जिना चढतायत. हाक मारतायत, "अवं, कुठं हायसा?"
माझं तोंड उघडतंय – मी नाही उघडत – खडा आवाज – "साळे, मी हितं –