ताराबाईचा फोटू

सिरसाळा

तीर्थरूप दादास, धाकट्या बंकटचा दंडवत.

मी खुशाल हाय, पोटभर जेवतो. आईचा खोकला कमी झाला का?

तुमी लिहिलं, तमाशातल्या बायांचे फोटू काढून घराण्याचं नाव घालवू नको. तर परवाचं ऐका.

इथल्या तमाशात ताराबाई गात होती. मी कॅमेरा मंचाला अगदी चिकटून लावला. पुढं बसलेले देशमुख ओरडले, "हटव बे तो डबा!" मी हटलो न्हाई. त्यांच्या गड्यानं मला ढकललं. खांद्याला लागलं, पण लई न्हाई.

ताराबाईनं गाणंच थांबवलं. म्हणाली, "फोटू निघाल्याबिगर मी गाणार न्हाई." गॅसबत्तीची धग तोंडावर घेऊन ती जागची हलली न्हाई. गडी मागं सरला. मी भिंगाचं झाकण काढलं, दम रोखला, परत लावलं.

काल फोटूची काच औषधात धुतली. दादा, गालावरचा घामाचा थेंब न् थेंब दिसतोय, अन् नजर सरळ देशमुखावर!

पोळ्याला मी कॅमेऱ्यासकट येणार. घरात घ्यायचं नसंल तर गोठ्यात निजंन, पण हे काम सोडणार न्हाई.

आईच्या पायाला माझ्या वतीनं हात लावा.

तुमचा हट्टी भाऊ,
बंकट