दुसरीची पात

सिरसाळा,
दिवाळी पाडवा

आदरणीय गहिनीनाथदाजी यांना अभिमन्यूचा नमस्कार, आणि सुरेखाआक्काला तिच्या धाकट्या भावाचा वाकून.

तुमचा गुडघा कसा आहे? पोळ्याला युसूफ वडगावला आलो होतो, तेव्हा पायरी चढताना तुम्ही भिंतीला हात लावला. मी ते बघितलं आणि मी बघितलं हे तुम्ही बघितलं, म्हणून तेव्हा विचारायचं राहून गेलं. आक्काची शुगर आटोक्यात असेल अशी आशा आहे (फराळाच्या दिवसांत ही आशा धरणं कितपत प्रामाणिक आहे, मला माहीत नाही). आमच्याकडे सगळं ठीक. सत्यशीलाने केलेल्या चकल्या यंदा कडक झाल्या, पण हे तिच्याच सांगण्यावरून लिहितो आहे, माझं मत म्हणून नव्हे.

हे सगळं फोनवरही विचारता आलं असतं. पण ऊसतोडीचा हंगाम तोंडावर आला की मुकादमाचा फोन मोकळा सापडत नाही. मी तीनदा केला. पहिल्यांदा तुम्ही ट्रकवाल्याशी बोलत होता. दुसऱ्यांदा "बोला की सर" म्हणालात आणि तेवढ्यात कुणीतरी आलं. तिसऱ्यांदा तुम्ही उचलला, पण मीच घाबरून ठेवला. म्हणून पत्र. पत्राला कारण आहे, पण ते समजायला आधी बास्केटबॉल समजावा लागतो आणि त्याला थोडा वेळ लागतो. मला दोन महिने लागले.

जुलैत आमच्या शाळेतले क्रीडाशिक्षक बदलून गेले. मुख्याध्यापकांनी स्टाफरूममध्ये विचारलं, बास्केटबॉल कोण खेळलंय? मी हात वर केला. (हे खोटं नव्हतं. अंबाजोगाईला कॉलेजात मी संघात होतो. संघाच्या फोटोत मागच्या रांगेत उजवीकडून दुसरा मीच. मात्र सबंध वर्षात मी मैदानावर चार मिनिटं होतो आणि त्यातलं एक बुटाची नाडी बांधण्यात गेलं. हे तेव्हाच सांगायला हवं होतं का, यावर मी डायरीत दीड पान लिहिलंय. निष्कर्ष निघालेला नाही.) अशा रीतीने भूगोलाचा मास्तर चौदा वर्षांखालच्या मुलींचा प्रशिक्षक झाला.

संघ म्हणजे सात मुली, पाच खेळणाऱ्या आणि दोन बदली. पाचांपैकी चौघींच्या घरची माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारी. त्यातली मोहिनी तुमच्याच टोळीतल्या बजरंगची थोरली. तेरा वर्षांची आहे, बोलते कमी, आणि पळायला लागली की तिची वेणी आडवी होते. बाकीच्या तिघी मागं आजी-आजोबांपाशी राहणार हे ठरलेलं होतं. मोहिनीला मात्र यंदा बरोबर न्यायचं असं घरात चाललं होतं. बीडला जिल्ह्याची स्पर्धा होणार होती. मी बजरंगला भेटायला गेलो, तर तो म्हणाला, "बीडला जिंकली तर बघू, सर. हारली तर चालली आमच्यासंगं." तो हसत म्हणाला. मोहिनी चुलीपाशी काटक्या मोडत होती, ती हसली नाही. तिने पुढची काटकी जरा जोरात मोडली. त्या दिवसापासून मला जिंकण्याची काळजी लागली. आधी फक्त हरण्याची होती.

आता जिंकायला गुण लागतात आणि गुणांसाठी चढाईच्या ठरवलेल्या चाली लागतात. म्हणजे कोण कुठे उभी राहील, कोण कुठून धावेल, चेंडू कुणाकडून कुणाकडे जाईल, हे सगळं आधीच पाठ. मी यूट्यूब बघितलं, आलेखाचे कागद आणले, रंगीत पेन्सिली आणल्या. प्रत्येक मुलीला एक रंगीत ठिपका आणि प्रत्येक धावेला एक बाण. चालींना पर्वतरांगांची नावं दिली: बालाघाट, सातमाळा, अजिंठा. (कागद इतके सुबक झाले की खाली प्रमाण आणि उत्तर दिशा दाखवायचा मोह मला आवरला नाही.) जेवताना मी वाट्या मांडून चाली तपासायचो. एकदा मी वरणाची वाटी भाताच्या मुदीआडून पापडाकडे नेत असताना सत्यशीला म्हणाली, "अहो, ही वाटी आता खेळतीय का जेवतीय, एवढं सांगा. मला भांडी उरकायचीत." मुख्याध्यापकांनी कागद बघितले आणि म्हणाले, "सर, तुमचं नाव अभिमन्यू. व्यूहाच्या भानगडीत तुम्ही पडू नये असं वाटतं."

माझी सगळी भिस्त बालाघाटवर होती. त्यात मोहिनीने डावीकडून निघायचं, संघातल्याच कडूबाईच्या अंगाला घासून उजवीकडे जायचं, आणि कडूबाईने खांबासारखं उभं राहून मोहिनीच्या मागे लागलेल्या मुलीला अडवायचं. याला स्क्रीन म्हणतात. अडवणूक झाली की मोहिनी रिंगखाली एकटी आणि चेंडू तिच्या हातात. कागदावर ही चाल एकदाही फसली नाही.

मैदान म्हणजे शाळेमागचं सिमेंट, त्याच्या अर्ध्यावर सटवाअण्णांचं सोयाबीन वाळत होतं. हलवा म्हणायला गेलो, तर ते म्हणाले, "तुमाला चेंडू वाळवायचाय का? न्हाई ना? मंग?" उरलेल्या अर्ध्यात मुलींना सोपं जावं म्हणून मी चुन्याने उभे पाच पट्टे आखले, एकीला एक. दाजी, जे काही पुढे झालं ते या पाच पट्ट्यांमुळे झालं, आणि तुम्ही असता तर पहिल्याच दिवशी माझ्या हातातला चुना काढून घेतला असता.

पंधरा दिवस बालाघाट होईना. पाचही मुली आपापल्या पट्ट्यातून सरळ, जीव तोडून धावायच्या आणि टोकाला जाऊन उभ्या राहायच्या. कुणी कुणाच्या वाटेला जाईना. मी ओरडायचो, "मोहिनी, उजवीकडे!" ती चुन्याच्या रेघेपर्यंत यायची आणि पुढे विहीर असल्यासारखी थांबायची. मला वाटलं, माझं शिकवणं वाईट आहे (हे अजूनही खरं असू शकतं). शेवटी एका संध्याकाळी चेंडू कडूबाईच्या पायापासून हातभर लांब पडला आणि ती नुसती बघत राहिली.

"अगं, घे की!"

"सर, त्यो मोहिनीच्या पातीत हाय," कडूबाई म्हणाली. "मी कावून घेऊ?"

"पातीत म्हणजे?"

पाचही जणी माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जणू भूगोलाच्या मास्तरानेच भारताची राजधानी विचारली आहे. मग त्यांनीच मला शिकवलं. फडात प्रत्येक जोडीला उसाच्या सऱ्यांचा आपला पट्टा मिळतो, ती त्यांची पात. आपली पात आपण तोडायची. दुसऱ्याच्या पातीत पाय घातला की "लई भांडणं लागतेत, सर. बायाबाया झिंज्या धरतेत." दाजी, मी एकवीस वर्षं मुकादमाचा मेहुणा आहे. तुमच्या ओसरीवर बसून हा शब्द मी हजारदा ऐकला असेल, आणि प्रत्येक वेळी चहाच प्यायलो असेन. त्या रात्रीच्या नोंदीत मी स्वतःला बरंच बोललो आहे, ते इथे लिहीत नाही.

पण विचारलं एक बरं केलं. म्हटलं, "आणि एखादीची पात आधी उरकली तर? बसते का ती?"

"बसती कावून?" मोहिनी म्हणाली. तिचं एवढं लांब बोलणं मी पहिल्यांदाच ऐकत होतो. "मागारी फिरती. जिची ऱ्हायली तिच्या पातीत समोरून लागती. दोघी मधी भेटतेत."

"तेव्हा भांडण होत नाही?"

"मदतीला कोण भांडतं व्हय, सर?"

मी खिशातला बालाघाट काढला, त्याची घडी घातली आणि पुन्हा खिशात ठेवला (फाडला असं लिहिणार होतो, पण फाडवला नाही). नवी चाल मुलींनीच दहा मिनिटांत बसवली. मोहिनी आपली पात धावत रिंगच्याही पलीकडे, पार शेवटच्या रेघेपर्यंत उरकून टाकणार. तिच्यावर नजर ठेवणाऱ्या मुलीला वाटणार, हिचं काम संपलं. इकडे कडूबाई चेंडू घेऊन आपल्या पातीत मुद्दाम मागे राहणार. मग मोहिनी फिरून कडूबाईच्याच पातीत समोरून येणार, दोघी मधे भेटणार, हातातला चेंडू हातात जाणार, आणि मागून पळत आलेली मुलगी कडूबाईच्या खांद्यावर येऊन अडकणार, की मोहिनी वळून रिंगकडे मोकळी. हाच स्क्रीन मी पंधरा दिवस ओरडून शिकवत होतो.

बीडच्या अंतिम सामन्यात समोरच्या मुली आमच्यापेक्षा वीतभर उंच, सगळ्यांच्या पायात एकसारखे बूट, आणि त्यांच्या सरांकडे टॅब. शेवटची अठरा सेकंदं उरली तेव्हा आम्ही एका गुणाने मागे, चेंडू आमचा. मी टाइमआउट घेतला आणि घेतल्यावर लक्षात आलं की मला सांगण्यासारखं काहीच नाही. मी बजरंगचा विचार करत होतो. तो कामाचा दिवस मोडून आला होता आणि कठड्याला टेकून उभा होता. हात खिशाकडे गेला आणि बालाघाट बाहेर आला, तोही उलटा. मी समजावू लागलो. मोहिनीने कागद माझ्या हातातून हळूच काढून घेतला, घडी घातली आणि मला परत दिला.

"सर, तुमी बसा. आमी करतो."

मी बसलो. त्या स्पर्धेतला माझा सर्वात उपयोगी निर्णय हाच. मोहिनी धावत टोकाला गेली, तिच्यावरच्या मुलीने कमरेवर हात ठेवून दम घेतला, आणि तेवढ्यात मोहिनी फिरली. दोघी मधे भेटल्या. पुढचं मी बघितलं नाही, डोळे मिटले होते. आवाजावरून कळलं. बावीस-एकवीस. बजरंग कठड्यावर चढून ओरडत होता, "आरं हाण तिच्यायला!", आणि पंच त्याला खाली उतरायला सांगत होते.

त्यांचे टॅबवाले सर येऊन विचारू लागले, ही चाल कुठली? मी म्हणालो, "आमच्याकडची आहे." आता हे खरं की खोटं? दुसऱ्या दिवशी पेपरात 'अभिमन्यू सरांची अचूक व्यूहरचना' असं छापून आलं. मुख्याध्यापकांनी कात्रण फळ्यावर लावलं, मी ते काढलं, त्यांनी पुन्हा लावलं. शेवटी मी मुलींसमोर कबूल केलं की यात माझं काही नाही, श्रेय चोरल्यासारखं वाटतं. मोहिनी म्हणाली, "पात कुणाची का असंना, सर, उरकली ना?" यावर मी तीन पानं लिहिली आणि तिच्या पुढे गेलो नाही.

तर असं आमचं चाललं आहे. विभागाची स्पर्धा भाऊबीजेनंतर आठव्या दिवशी आहे. आक्काला म्हणावं, ओवाळायला उद्या मला यायला जमेल असं वाटत नाही, कारण खाली येईलच. गुडघ्याला तीळतेल कोमट करून लावा. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमचा मेहुणा,
अभिमन्यू

ता. क. बजरंग "बघू" म्हणाला होता, पण जिंकल्यावर कळलं की बघणं त्याच्या हातात नाही. मुकादमाने यंदा त्याच्या घरचा दीड कोयता धरलाय, असं तो म्हणतो. एक नवरा-बायकोचा आणि अर्धा मोहिनीचा, मोळ्या बांधायला. दाजी, मी तुम्हाला दोष देत नाही. तुम्ही तिला फक्त यादीत बघितलं असेल. मीही तिला दोन महिने निळा ठिपका धरून चाललो होतो. तिची आजी भिवराबाई तिला ठेवून घ्यायला तयार आहे, विभागाच्या स्पर्धेपुरतंच नव्हे, पूर्ण हंगाम, आणि शाळा इथेच आहे. तो अर्धा कोयता सोडा. स्पर्धा झाली की सुट्टी संपेपर्यंत मोळ्या बांधायला मी येतो. (सत्यशीला म्हणते, मी आलो तर तुमचा आणखी अर्धा कमी होईल, कारण मला सांभाळायला एक माणूस लागेल.)

ता. क. दुसरा. हे पत्र बजरंगच्याच हाती पाठवतो आहे, पाकिटाला डिंक दोनदा लावून. तो आत्ता तुमच्यासमोर उभा असेल आणि त्याच्या हातात त्याच्या बायकोने, सुनिताने केलेल्या लाडवांचा डबा असेल. ते लाडू दिवाळीचे नाहीत, आभाराचे आहेत. काल मी त्याला सांगितलं की दाजींनी फोनवर हो म्हटलं. तिसऱ्या फोनला मी घाबरून ठेवला हे वर लिहिलंच आहे. एवढं मोठं खोटं माझ्या हातून आजवर घडलेलं नाही. डायरीत कालचं पान कोरं आहे. त्यावर काय लिहायचं ते तुम्ही डबा घेता की नाही यावर आहे. उद्या ओवाळायला येत नाही ते यासाठीच, तोंड दाखवायची हिंमत नाही.

ता. क. शेवटचा. मोहिनीला यातलं काही सांगितलेलं नाही. आज सकाळी तिच्याकडे गेलो तर ती पिशवी भरून बसली होती. मी विचारलं, कुठली तयारी, स्पर्धेची की फडाची? म्हणाली, "दोन्हीकडं हेच कपडे लागतेत, सर. कोणत्या गाडीत बसायचं तेवढं सांगा."