शेंदराखालची बाई

१३ एप्रिल, रवि.
वारसाफेरीला आज चार माणसं. त्यातला एक चुकून आलेला, त्याला योगवर्गाला जायचं होतं. तरी शेवटपर्यंत थांबला, बरा माणूस. जुन्या विहिरीपाशी (म्हणजे आता पार्किंग) उभं राहून बोललो. एक बाई म्हणाल्या, "सर, पण मुलुंड-नाहूरला इतिहास कसला? सगळं जंगलच होतं ना इथे?"
हे वाक्य ऐकून कान किटले. कंपनी बंद पडून घरी बसलो तेव्हापासून मी याच वाक्याला उत्तर शोधतोय. अजून मिळालेलं नाही.
शेवटी नेहमीप्रमाणे गावठाणात. पिंपळाखालची आई. कमरेएवढा दगड, पण शेंदूर इतका चढलाय की नुसता केशरी गोळा, त्यावर चांदीचे डोळे. हिरामावशी लग्न होऊन आल्यापासून रोज तेल-शेंदूर करतात, त्यांच्या आधी सासू करायची. मला पहिल्या दिवसापासून वाटतंय, आत अक्षरं आहेत. दगडाचा घाटच सांगतो. जुन्या राजाने जमीन दान दिल्याचा लेख असणार. म्हणजे त्यात गावाचं नाव. मग विचारा म्हणावं मला, जंगल होतं का.

१५ एप्रिल, मंगळ.
गावठाणाच्या पुनर्विकासाचं पक्कं झालं. हि. मावशींचा मुलगा नरेश भेटला, खुशीत होता. सही करून आलाय. पिंपळ, कौलारू घरं, सगळं जाणार. आई मात्र जागेवरच राहणार.
"देवाला कोण हात लावील, काका? बिल्डरनं नकाशातच मंदिर दाखवलंय."
म्हणजे या अख्ख्या गावातलं एकच जुनं काही वाचलं, ते शेंदरामुळे. नलूला सांगितलं तर म्हणाली, "बरा झाला. आता तरी गप रवा." बायको मालवणची, थोडक्यात बोलते.

१९ एप्रिल, शनि.
सकाळीच मावशींचा फोन. "भाऊ, आईनं खोळ टाकली. ये लगेच."
धावत गेलो. शेंदराच्या थरांना उन्हाने उभी चीर पडलीय, एक पोपडा खांद्यावरून सुटलाय. असं पिढीत एखाद्या वेळीच होतं म्हणे. मग सगळी खोळ उतरवायची, पाण्यात सोडायची, आईला दूध-पाण्याने न्हाऊ घालायचं आणि त्याच बैठकीला नवा शेंदूर. मध्ये खंड नको.
मी तो खंड मागितला. एक दिवस. ओला कागद दाबून ठसा घेतो म्हटलं, अक्षरं मिळतील, गावाचं नाव मिळेल.
"आई उघडी ऱ्हाईल रे, भाऊ."
"एकच दिवस, मावशी."
सुटलेला पोपडा उचलून पदरात घेतला. मग म्हणाल्या, "तू बोलतोस म्हणून."
किती आनंदात घरी आलो आज!

२० एप्रिल, रवि.
लिहवत नाही. तरी लिहितो.
खोळ निघाली. वर चंद्र, सूर्य. त्याखाली ओळी, नक्की ओळी, बोटाला लागत होत्या, पण वाचता येईना. सगळं झिजलेलं. ठसा घेतला, कागदावर नुसते डाग. वाटलं, खालच्या ओळी मातीत आहेत, त्या शाबूत असतील. नरेशला म्हटलं, पहार आण.
मावशी आडव्या आल्या. "पायाखालचा काढाचा नाय, भाऊ."
मी म्हटलं, हातभरच. म्हटलं, आईला काही होत नाही.
आजूबाजूला बायका ओटीची ताटं घेऊन उभ्या. माती दूर झाली आणि खाली ते चित्र. बाई आणि गाढव. यापुढे लिहीत नाही.
कुणीतरी हसलं. कुणीतरी मोबाईल काढला. एक सून सासूला विचारायला लागली, हे काय गं, आणि सासूने तिला घरी पिटाळलं. मावशींनी ताटातला खण उचलून त्या चित्रावर टाकला.
तेवढ्यावर गप्प बसायचं की नाही? मी भाषण केलं! फेरीत करतो तसं, हातवारे करत. याला गधेगाळ म्हणतात. राजाने दिलेली जमीन जो कोणी मोडेल त्याला ही शिवी. त्याला म्हणजे त्याच्या आईला. लाजायचं कारण नाही, दुर्मिळ वस्तू आहे, आपल्या गावाचा मान आहे वगैरे. सगळे ऐकत होते. आयुष्यात पहिल्यांदा माझं एवढं कुणी ऐकलं.
मूर्ख. मूर्ख. मूर्ख.

२२ एप्रिल, मंगळ.
मंगळवार असून ओटी भरायला एकही बाई नाही. खण तसाच, धूळ बसलेला. शेंदूर लावलेला नाही. मावशी ओट्यावर बसून तांदूळ निवडत होत्या. म्हटलं, मावशी, दिवस उलटून गेला, लावा ना आता शेंदूर. होतं तसं करून टाकू.
"कुनाला लावू?" वर बघितलं नाही.
नलूला रडत सांगितलं सगळं. ती म्हणाली, "तुमका काय पडलेली खाली काय आसा त्याची?" मग पाठीवर हात फिरवत बसली. त्यानेच जास्त वाईट वाटलं.

२६ एप्रिल, शनि.
कॉलेजातले सर आले. तज्ज्ञ. टॉर्च तिरपी धरून पाहिलं, पीठ चोळून पाहिलं. "अक्षरं गेलीत हो. नाव-बिव काही मिळायचं नाही. असे बरेच पडलेत." चांगले वागले, चहा घेतला, फोटो काढले. गावात दगड हलवायची कुजबुज चाललीय, म्हणून मी विचारलं, हलवू देऊ नका असं पत्र द्याल का? म्हणाले, लेख वाचता आला असता तर जोर आला असता.
सरकारी कचेरीतही गेलो होतो गुरुवारी. अर्ज ठेवून घेतला. त्या माणसाने विचारलं, सध्या पूजेत आहे का? मी म्हटलं, आता नाही. "मग कुणाची हरकत नसेल," म्हणाला. हसावं की रडावं.
देव होती तेव्हा कुणाची हात लावायची टाप नव्हती. आता इतिहास झालीय, तर कुणीही उचलावी.

३० एप्रिल, बुध.
गावकीची बैठक झाली. मला बोलावलं नव्हतं, नरेशने नंतर सांगितलं. संगमरवरी देवी येतेय, बिल्डरच देतोय. नकाशातलं मंदिर तिचं. जुनी खाडीत सोडायची. पूजेतून उठवलेला देव उघड्यावर ठेवत नाहीत, तशी रीतच आहे.
म्हटलं, नरेश, अरे तुमच्या गावाचा सगळ्यात जुना दगड आहे तो.
"काका, आपण आतापर्यंत कशाच्या पाया पडत होतो ते तुम्हीच दाखवलंत ना? पोरी-बाळी आहेत घरात. व्हिडिओ पार ठाण्यापर्यंत फिरला. मित्र काय काय बोलतात, ऐकवत नाही."
त्याचं काय चुकलं?

४ मे, रवि.
दगड उपटून भिंतीशी टेकवून ठेवलाय, तोंड भिंतीकडे करून. फेरी रद्द केली. तसाही एकाचाच फोन होता.
नरेश म्हणाला, पाहिजे तर घरी न्या, आमची ना नाही. नलूला विचारलं. "तां घरात हाडूचा नाय. सांगून ठेवतंय." सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारलं, बागेत कोपऱ्यात चालेल का. त्यांनी तो व्हिडिओ आधीच पाहिला होता. एका संग्रहालयाला फोन केला, आवारात जागा नाही, नाव-नंबर घेतला. माझ्या ओळखीचे सगळे संपले. एवढीच ओळख होती माझी.

११ मे, रवि.
आज हि. मावशी घरी आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. जिना चढून दमलेल्या. नलूने पाणी दिलं, चहा टाकला. मला वाटलं, भांडायला आल्यात. भांडल्या असत्या तर फार बरं झालं असतं.
पदराने घाम पुसला. मग म्हणाल्या, "भाऊ, तू त्या दिवशी बोललास ना, जो जमीन मोडंल त्याच्या आयशीला ती शिवी."
म्हटलं, हो, पण ते—
"जमिनीवर सही नरेशनं केली."
नलू दारात कपबशी घेऊन तशीच उभी.
"मंग ती दगडावरची बाई म्हंजे मीच ना रे?"
मी काय काय बोललो. जुन्या काळचं आहे, मावशी. राजांचं आहे. ही जमीन तीच कशावरून, अक्षरं कुठे वाचता आली. लेख नाही म्हणजे काहीच सिद्ध होत नाही. तीन आठवडे जे नाही म्हणून रडतोय तेच त्यांना औषध म्हणून देत होतो.
त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "इतकी वरसं मी तिला न्हाऊ घातली, तवा तिला ठाव असंल का, माझा पोर सही करनार?"
चहा निवला. नलूने त्यांना कुंकू लावलं, ओटीत नारळ घातला, जिन्याखालपर्यंत हात धरून सोडून आली. वर येऊन निवलेला चहा मोरीत ओतला.
आत्ता नरेशचा फोन होता. परवा मंगळवारी सकाळी टेम्पो येतोय. दगड जड आहे, गावातलं कुणी हात लावायला तयार नाही, विटाळ मानतात म्हणे. "तुम्ही याल का, काका, उचलायला? तुमची भीती गेलेली आहे." आणि आमची आई म्हणते मीपण टेम्पोत बसणार, खाडीपर्यंत, तिला जरा समजवा.
सांगतो म्हटलं. काय सांगणार आहे, कुणास ठाऊक.