भाऊंच्या लायब्ररीतला आकडा

५ ऑगस्ट १९९६

काय मिळालं आज! नावं!

ठाण्याच्या खाडीच्या भरती-ओहोटीचं गणित आमच्या ऑफिसातल्या भाऊंनी एकट्याने लिहिलेलं. डिस्क बिघडली, तिच्याबरोबर मूळ कोडही गेला. उरली ती कंपाइल झालेली शेअर्ड लायब्ररी – बंद डबा. सगळे प्रोग्रॅम चालताना तिच्याकडून काम करून घेतात, आत काय आहे ते कुणाला ठाऊक नाही. साहेब म्हणतात, "टाकून दे, नवीन लिही." भाऊंना विचारायची सोय नाही. अर्धांगवायूच्या झटक्याने वाचा गेली, उजवी बाजू गेली. डॉक्टर म्हणाले, आता त्यांना काही समजत नाही.

पण डब्यात व्हेरिएबलची नावं शाबूत आहेत. चक्क मराठी! भरती, ओहोटी, उधाण.

७ ऑगस्ट

माझ्या प्रोग्रॅममध्ये 'एक्स्टर्न' लिहून पुढे नुसता प्रकार आणि नाव दिलं – म्हणजे ही वस्तू बाहेरची आहे, तिथे शोध. आणि त्याने खरंच शोधली! डबा न फोडता आतल्या वस्तूपर्यंत हात पोचला. एवढ्या वर्षांत मशीनपुढे हात जोडावेसे कधी वाटले नव्हते.

आकडा मात्र वेडाच. भरती १७१७९८६९१८ मीटर. आमचा कोळीवाडा सोड, हिमालयही बुडेल.

८ ऑगस्ट

तोच आकडा. साहेबांनी सोमवारपर्यंत मुदत दिली.

१० ऑगस्ट

डोंबिवलीला भाऊंकडे गेले. मंदाकाकू पलंगाशीच बसून सांगत होत्या, "खडवलीचा वृद्धाश्रम बघून आले गं शेवंती. मला आता ह्यांना उचलवत नाही. ह्यांना काय, घर काय नि आश्रम काय."

सवयीने भाऊंना कामाचंच सांगत बसले. 'एक्स्टर्न इंट भरती' लिहिलं, हे असं आलं. कागद पुढे धरला. त्यांचा डावा हात हळूहळू आला. 'इंट'वर बोट घासलं. मग आकड्याच्या मधोमध नख टेकवलं, कागदावर टिंब उमटेपर्यंत.

काकू म्हणाल्या, "असाच चाळा चालतो दिवसभर." मी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

११ ऑगस्ट

रविवार असून ऑफिस उघडायला लावलं. टिंब म्हणजे दशांशचिन्ह! भरती पूर्णांकात नाहीच, मी ती 'इंट' म्हणजे पूर्णांक म्हणून वाचत होते. 'इंट' खोडून दशांशवालं 'डबल' केलं.

४.१ मीटर.

रडूच आलं.

१२ ऑगस्ट

ऑफिसच्या आधी डोंबिवली. काकूंना म्हटलं, भाऊंना सगळं समजतं.

त्या म्हणाल्या, "अगं, महिनाभर खडवलीचं सगळं ह्यांच्यासमोरच बोलत होते मी."