दादाच्या मशीनवर लिनक्स

रविवार, ४ मे. सकाळी ९.
आजपासून रोजनिशी. मोठं काम हातात घेतलंय, नोंद असलेली बरी.

काम: दादाच्या लॅपटॉपवरचं विंडोज काढून लिनक्स टाकणे. या लॅपटॉपची स्क्रीन पूर्ण मागे वळते, की-बोर्ड पाठीशी जातो आणि त्याची पाटी होते. फेब्रुवारीत दादाला पॅरालिसिसचा अ‍ॅटॅक आला. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. समजतं सगळं, बोलता येत नाही. स्पीच थेरपीच्या बाईंनी या पाटीवर एक प्रोग्रॅम टाकून दिलाय. चित्राला बोट लावलं की मशीन तो शब्द बोलतं. चित्रं वहिनीने केली. याच मशीनच्या कॅमेऱ्याने घरातल्या वस्तूंचे फोटो काढले, प्रत्येकाला स्वतःचा आवाज दिला. दोनशे बारा.

चालतं. पण किती हळू! दादा 'पंखा'ला बोट लावतो आणि मशीन पंखा म्हणेपर्यंत माणसाला घाम फुटतो. वहिनी म्हणाली, चाललंय ना भाऊजी, कशाला हात लावताय? म्हटलं, वहिनी, चालणं आणि पळणं यात फरक आहे. मी बत्तीस वर्षं ऑफिसच्या कॉम्प्युटर सेक्शनला होतो. (लोक डेटा एंट्री म्हणतात. म्हणोत.)

बारापर्यंत बॅकअप. एकपर्यंत लिनक्स. जेवण. चार वाजता दादा फडाफडा बोलेल.

दुपारी ४.
बॅकअप अकरा सेकंदांत झाला. आख्ख्या नोकरीत इतका झटपट बॅकअप पाहिला नाही. पेनड्राइव्ह चांगल्यापैकी निघाला.

संध्याकाळी ६.
मशीनने विचारलं, जुनं सगळं पुसायचं का? हो. पुन्हा विचारलं, नक्की? फार भित्रं मशीन आहे. नक्की.

सोमवार, ५ मे.
लिनक्स बसलं. देखणं आहे. फक्त स्क्रीन उलटी दिसते. लॅपटॉप उलटा धरला तर चित्रही फिरतं आणि पुन्हा उलटंच. म्हणजे सेन्सर काम करतोय. जमेची बाजू.

बुधवार, ७ मे.
स्क्रीन सरळ केली. आता बोट उलटं लागतं. वर डावीकडे टेकवलं की खाली उजवीकडे उमटतं. दादाला सांगितलं, तूर्त जे हवं त्याच्या समोरच्या कोपऱ्यात बोट लाव. त्याने माझ्याकडे नुसतं बघितलं. गणिताचा मास्तर होता तो, समजलं असणार. वहिनी म्हणाली, भाऊजी, त्यांना सरळ गोष्ट करताना नाकी नऊ येतात, उलटी कुठून जमणार?
वहिनीचा तंत्रज्ञानावर विश्वास कमी.

शनिवार, १० मे. सकाळी ११.
बॅकअप परत घालायला बसलो. पेनड्राइव्हवर एकच फाइल. दोन केबी. आयकॉनच्या कोपऱ्यात बारीक बाण.
शॉर्टकट.
म्हणजे घराचा पत्ता आहे. घर मी रविवारी पाडलं.

दुपारी १.
पुसलेलं परत आणणारे प्रोग्रॅम असतात. त्यातला एक चालवणार. वहिनीला आत्ता सांगत नाही, उगाच तिच्या जिवाला घोर. जेवण गेलं नाही. उकाडा असेल.

सोमवार, १२ मे.
रिकव्हरीतून नव्वद फाइल्स निघाल्या. एकही उघडत नाही. पण निघाल्या.

बाई आल्या. सराव का थांबला म्हणाल्या. म्हटलं, अपग्रेड चालू आहे. किती दिवस? दोन. बाई चष्मा काढून म्हणाल्या, अहो, जे काय परत यायचं ते या पहिल्या काही महिन्यांतच भराभर येतं. एकेक दिवस महत्त्वाचा आहे.
बाई हुशार आहेत. लिनक्स माहीत नाही, एवढंच.

मंगळवार, १३ मे.
आवाज नाही. बोलायचं मशीन आणि तेच मुकं. इंटरनेटच्या फोरमवर विचारलं. 'घुबड' नावाच्या गृहस्थाने तीन मिनिटांत उत्तर दिलं: नवी कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, टाका. टाकली. आता वायफायही नाही, त्यामुळे घुबडाला कळवता येत नाही.
संकल्प: यापुढे एका दिवशी एकच गोष्ट बिघडवायची. दुरुस्त करायची, असं म्हणायचं होतं.

शुक्रवार, १६ मे.
वहिनी औषधं आणायला गेली होती. दादा हुं हुं करायला लागला. बोटाने दाराकडे दाखवत होता. मी पेपर आणून दिला. नाही. चष्मा दिला. नाही. दार लावलं. नाही. दार उघडलं. नाही. उशी. नाही. रेडिओ लावला, त्याने डाव्या हाताने तो ढकलून दिला. मी म्हटलं, अरे दादा, नीट दाखव ना! असं म्हणायला नको होतं.

मग त्याने बोट खाली केलं आणि डोळे मिटून घेतले. पायजमा ओला झाला होता. त्याला बाथरूमला जायचं होतं.

मी त्याचे कपडे बदलले. तो भिंतीकडे बघत होता. मी बोलत राहिलो, वायफायबद्दल.

बाथरूमचं चित्र पहिल्या ओळीत होतं. तिसरं.

रविवार, १८ मे.
वहिनीने विचारलं, भाऊजी, माझे फोटो आहेत ना? म्हटलं, आहेत, वेगळ्या स्वरूपात. कुठल्या? म्हटलं, पत्त्याच्या.
समजावून सांगितलं. ती पलंगाच्या कडेवर बसली. मग म्हणाली, एकेक वस्तू त्यांच्यासमोर धरून विचारायचे, ही हवी का? ही तुमचीच ना? आख्खा महिना लागला. कुठला कप ते सुद्धा त्यांनी निवडला होता.
म्हटलं, नवीन कॅमेरा सॉफ्टवेअरवर याहून चांगले येतील.
ती उठून कुकर लावायला गेली. पुढे विषय काढला नाही. मोठ्या मनाची आहे. नव्या सिस्टिमवर तिचा विश्वास बसत चालला असावा.

गुरुवार, २२ मे.
वहिनीने शाळकरी वही आणलीय. तिच्यात पेनने चित्रं काढते. चित्रकलेची बोंब. तिची किटली बदकासारखी दिसते. दादा बदकाला बोट लावतो, वहिनी मोठ्याने 'चहा' म्हणते, आणि चहा येतो. याला तंत्रज्ञान म्हणत नाहीत. बॅटरी नाही, सेटिंग नाही, वाढवायची सोय नाही.
बाई मात्र खूश. त्यांच्यासमोर दादाने ओठ जुळवून 'च'सारखं काहीतरी काढलं म्हणे. मी तेव्हा आत इंटरनेटशिवाय आवाजाचा ड्रायव्हर प्रोग्रॅम शोधत होतो.

रविवार, २५ मे.
नवी केबल ओढून इंटरनेट आणलं, घुबडाने सांगितलेली एक कमांड टाकली, बोट सरळ लागायला लागलं! दादाच्या मांडीवर पाटी ठेवली. पण मागे वळवल्यावर की-बोर्ड झोपायला हवा, तो जागाच राहतो. दादाच्या गुडघ्याने कुठलीतरी बटणं दाबली गेली, स्क्रीनवर 'न' ची रांग लागली आणि मशीन रिस्टार्ट झालं. परत सुरू झालं तर बोट पुन्हा उलटं.
दादाने पाटी माझ्याकडे सरकवली. त्याला माहीत आहे, हे काम मलाच जमणार.

मंगळवार, २७ मे.
घुबडाने लिहिलं, या मॉडेलचा नाद सोडा. माणूस घाबरट निघाला. बघून घेईन.

शनिवार, ३१ मे. दुपारी ३.
दादाची मुलगी आली होती. तिच्या घराजवळ सेंटर आहे, तिथे रोज दोन तास सराव घेतात. आईबाबांना घेऊन जाते म्हणाली. म्हटलं, अगं, मंगळवारपर्यंत थांबा, मंगळवारी सगळं सुरू होतंय. ती म्हणाली, काका, कुठला मंगळवार?
तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बोलता आलं असतं.

संध्याकाळी ५.
बॅगा भरल्या. मशीन न्या म्हटलं. वहिनी म्हणाली, राहू दे भाऊजी, तुम्हाला सोबत होईल. भाजी दोन दिवसांची करून ठेवलीय, पोळ्या डब्यात आहेत.

दादा वहिनीच्या आधाराने माझ्या टेबलापाशी आला. मी स्क्रीन दाखवली, म्हटलं, बघ, आता फक्त आवाज राहिलाय. त्याने ती बघितली. मग डाव्या हाताने हळूच लॅपटॉप मिटला आणि तोच हात माझ्या डोक्यावर ठेवला. लहानपणी माझं गणित चुकलं की ठेवायचा तसा. तोंड हललं त्याचं. शब्द आला नाही. मी वाट बघितली. खाली गाडीचा हॉर्न वाजला.
धूळ बसू नये म्हणून मिटला असणार.

रविवार, १ जून.
काही नाही.

मंगळवार, ३ जून. सकाळी ११.
आवाज आला!
घुबडाने कोणाची तरी जुनी फाइल शोधून पाठवली, ती बसली. स्क्रीन सरळ. बोट सरळ. रिस्टार्ट करूनही सरळ. की-बोर्ड मागे गेला की झोपतो. पाटी धावते अक्षरशः.
पहिला फोटो काढला, ओट्यावरच्या पेल्याचा. शब्द भरला. बोट लावलं. मशीन लगेच म्हणालं, पाणी. खणखणीत.
पुन्हा लावलं. पाणी.
थोडं थांबलो. मग मीच उठलो आणि प्यालो.